पीस लिलीने मान टाकली की आधी मातीत बोट घालून पाहा

पावसाळा सुरू होऊन काही आठवडे उलटले की ओळखीपाळखीच्या लोकांकडून मला पीस लिली या घरातल्या शोभेच्या झाडाची छायाचित्रे येऊ लागतात. पाने देठांसकट कुंडीच्या काठावरून खाली लोंबलेली असतात आणि सोबत एक वाक्य असते, 'रोज पाणी घालते, तरी सुकतंय.' बहुतेक वेळा दुखण्याचे कारण त्या वाक्यातच असते.

पीस लिलीच्या देठात लाकूड नसते. तिची पाने उभी राहतात ती पेशींमध्ये भरलेल्या पाण्याच्या दाबावर. पानांतून बाष्परूपाने जितके पाणी जाते तितके मुळांकडून वर आले नाही, की हा दाब उतरतो आणि पाने लोळतात. मात्र मुळांकडून पाणी कमी येण्याची दोन परस्परविरुद्ध कारणे असू शकतात. एक तर मातीत पाणीच नसते. किंवा माती इतका काळ चिंब राहिलेली असते की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात आणि भोवती पाणी असूनही ते शोषू शकत नाहीत. वरून दिसणारे लक्षण दोन्ही वेळा जवळपास सारखेच असते, आणि म्हणून केवळ पानांकडे पाहून पाण्याचा तांब्या उचलणे मला धोक्याचे वाटते.

निदानाला फार वेळ लागत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे आणि मग कुंडी उचलून तिचे वजन पाहावे. कुंडी हलकी असेल, माती कडेपासून सुटून फट पडली असेल, तर झाड तहानलेले आहे. अशा वेळी तळाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येईपर्यंत सावकाश पाणी दिले की पाने बहुधा काही तासांत पुन्हा उभी राहतात. कुंडीत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असेल आणि तो पूर्ण वाळलेला असेल, तर तो पटकन पाणी धरत नाही. वरून ओतलेले पाणी कडेच्या फटीतून थेट बशीत उतरते आणि आपल्याला वाटते की पोटभर पाणी दिले. त्यासाठी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवावी आणि नंतर पूर्ण निथळू द्यावी.

माती ओली, कुंडी जड, खालची पाने पिवळी आणि मातीला कुजका वास, असे असेल तर मात्र पाणी ताबडतोब थांबवून झाड कुंडीतून बाहेर काढावे. लोक इथे कचरतात, पण मुळे पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, बुळबुळीत असतात आणि ओढली की वरचे आवरण हातात येऊन आत नुसता दोरा उरतो. माती हलक्या हाताने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कुजका भाग निरोगी मुळापर्यंत कापून टाकावा. हे झाड अळू आणि सुरणाच्या कुळातले आहे, त्याच्या रसाने हात खाजू शकतात, म्हणून हातमोजे घालावेत. मुले आणि मांजरे दूर असलेली बरी.

पुन्हा लावताना उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे बहुधा आधीपेक्षा लहान कुंडी घ्यावी. मोठ्या कुंडीतली जादा माती थोड्या मुळांकडून शोषली जात नाही आणि ओलीच राहते. ही झाडे मूळची प्रामुख्याने मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनांतली. तिथे पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात त्यांच्या मुळांना ओल आणि हवा दोन्ही मिळतात. आपल्याकडे रोपवाटिकेतून अनेकदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात लावलेले रोप मिळते. मी कोकोपीट, गांडूळखत आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) असे मिश्रण वापरते. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी त्या थराच्या वरच्या मातीतच अडून राहते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एखादी खापरी पुरेशी आहे.

मुळे कमी झाली की त्यांना पानांचा सगळा भार पेलत नाही, म्हणून पिवळी पाने आणि सगळी फुले बुडापासून काढून टाकावीत. खत अजिबात घालू नये. दुखावलेल्या मुळांना त्यातले क्षार आणखी भाजतात. झाड उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावे आणि वरची माती कोरडी वाटल्यावरच पाणी द्यावे. लोळलेली सगळी पाने उभी राहतीलच असे नाही, त्यामुळे लक्ष मधल्या कोंबाकडे ठेवावे. तिथून गुंडाळी झालेले नवे पान वर येऊ लागले की मुळे कामाला लागली असे समजावे. त्यानंतरच पातळ केलेले खत सुरू करावे.

माती ठीक असूनही पाने झुकत असतील, तर एसीचा थेट झोत लागतो का, किंवा वैशाखातल्या दुपारी खिडकीची काच तापते का, ते पाहावे. दुपारी झुकून संध्याकाळी आपोआप सावरणाऱ्या झाडाला जागा बदलून हवी असते. पावसाळ्यात मात्र हवा दमट असते, ऊन नसते आणि पानांतून पाणी फारच कमी उडते. मे महिन्यातले पाण्याचे वेळापत्रक जुलैत तसेच चालू ठेवले तर मुळे कुजतात, म्हणून या दिवसांत वार ठरवून पाणी देऊ नये आणि कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी प्रत्येक वेळी ओतून टाकावे.