‘तार नाही, तार!’

शाळा तपासणीच्या पथकाने तिला आमच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवलं होतं. मी तिथे मुलांचं बोलणं सुधारायचं काम करते. दुसरीतली मुलगी. दप्तरातून वही काढून दाखवली : ‘काका’च्या जागी ‘ताता’, ‘गाय’च्या जागी ‘दाय’. जसं बोलते तसंच लिहिते. सोबत आजी. वेखंड उगाळून चाटवून झालं होतं. "जीभ चिकटलीय मॅडम, खालचा पडदा कापा, म्हणजे सुटेल बघा."

मी तिच्या वरच्या ओठाला गुळाचा कण लावला. जीभ वर काढून पोरीने तो सहज चाटून घेतला, म्हणजे जीभ चिकटलेली नव्हती. जीभ दोन्ही गालांत फिरली. टाळू नीट, कानांची तपासणीही नीट. ‘पतक, पतक’ भरभर म्हणायला लावलं. ठेका छान, वेग छान, फक्त येत होतं ‘पतत, पतत’. जिभेत जोर होता. क-ग म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलायचा असतो, ती शेंडा दातांमागे टेकवत होती.

मग चित्रं मांडली. मोटारीवर बोट ठेवून, ‘कार’ म्हणायचं म्हणून, ती म्हणाली, "तार." मी "तार?" म्हणत तारेच्या वेटोळ्याचं चित्र पुढे केलं. ती चिडली. "तार नाही, तार!"

आजी हसली. मी हाताने थांबवलं. माझ्या तोंडची चूक या मुलीला तत्काळ कळत होती, स्वतःची कळत नव्हती. आपण बरोबर बोलतो आणि वर्ग उगाच हसतो, असंच तिला वाटत आलं असणार. मला ते फार लागलं.

सुरुवातीला मीही अशा मुलांना शिट्ट्या आणि फुगे फुगवायला द्यायचे. त्याने फुंकर सुधारते. त्याने क येत नाही, तो क म्हणून म्हणूनच यावा लागतो.

तिला सतरंजीवर उताणं झोपवलं, म्हणजे जीभ आपसूक मागे सरकते. चमच्याच्या दांड्याने शेंडा हलकेच खाली धरला. "आता त म्हण." बऱ्याच प्रयत्नांनंतर घशातून खरखरीत ‘क्’ निघाला. ती दचकून उठूनच बसली, आणि पुन्हा स्वतःहून आडवी झाली.

तिसऱ्या भेटीपर्यंत ‘नाक’ आणि ‘एक’ जमले. अशा मुलांना शब्दाच्या शेवटचा क बहुधा आधी सापडतो. ‘काका’ अजून ‘ताता’च आहे. आजी वेणी घालताना रोज दहा वेळा ‘नाक’ म्हणवून घेते.