गोधडीकाम आवरते घेताना : हातातल्या दोन कामांची नोंद

मोठी गोधडी यापुढे शिवायला घ्यायची नाही, असे मी गेल्या पावसाळ्यात ठरवले. या निर्णयाची कारणे आणि हातातल्या कामांची स्थिती येथे जरा सविस्तर लिहून ठेवते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना आज ना उद्या हाच हिशेब मांडावा लागणार आहे.

अडचण डोळ्यांची नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सुईत दोरा ओवता येतोच, शिवाय पिवळट पडलेले भिंग गेल्यामुळे निळ्याच्या छटाही पुन्हा वेगवेगळ्या दिसू लागल्या आहेत. अडचण आहे ती उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लावला, की या सांध्यावर त्याच्या सुमारे १२ पट भार येतो. आणि गोधडी शिवणे म्हणजे तासन्‌तास चिमटीने सुई ओढणेच. अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटावर घालायची टोपी, सुई ढकलण्यापुरते कामाला येते, पण कापडाच्या पलीकडून ती खेचण्याचा भार अंगठा आणि तर्जनी यांनाच सोसावा लागतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बोटावर चढवला तर सुई निसटत नाही आणि जोरही कमी लागतो. हा उपाय मला चांगला पुरला, परंतु झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही.

म्हणून मी आधी थर कमी केले. नऊवारी लुगडे साधारण ८ मीटरचे असते. ते लांबीत चार पदरी घडी केले, की दोन मीटरची एकेरी गोधडी बेतता येते, आणि अशी दोन लुगडी एकावर एक ठेवली की आठ थरांची जाड वाकळ होते. चार थरांतून सुई एका दमात निघते, आठ थरांत प्रत्येक टाक्याला थांबावे लागते. चार थरांची गोधडी कोकणातल्या थंडीला पुरते, देशावर मात्र पहाटे अंगावर आणखी काहीतरी ओढावे लागते. त्यानंतर मी केवळ बाळांची दुपटी शिवू लागले आणि आता तीही आवरती घेत आहे.

‘मशीनवर शिवा’ असा सल्ला घरातून वारंवार मिळतो. मशीनची शिलाई वरच्या आणि खालच्या अशा दोन दोऱ्यांनी थर एकमेकांना घट्ट आवळते, त्यामुळे गोधडी सपाट आणि ताठर होते. हाताच्या एकेरी धावदोऱ्याने कापडाला ज्या बारीक सुरकुत्या पडतात, त्यांच्यातच तिचा मऊपणा आणि बरीचशी ऊब असते. मशीनला माझा विरोध नाही, पण ते वेगळे काम आहे आणि या वयात ते नव्याने शिकण्याची मला हौस नाही.

सध्या दोन कामे हातात आहेत. दुपट्याच्या कडा पूर्ण झाल्या असून आतले धावदोरे निम्म्यावर आले आहेत. ते मी स्वतः पुरे करीन, कारण त्यात जुन्या मलमलीचे दोनच थर आहेत. दुसरी गोधडी सासूबाईंच्या इरकली लुगड्याची आहे. तिचे थर जमिनीवर ताणून कच्च्या टाक्यांनी बांधले आहेत आणि कडेपासून आत येत चारही बाजूंच्या काही ओळी झाल्या आहेत. ती मी धाकट्या जावेकडे सोपवत आहे. तिचा टाका माझ्यापेक्षा लांब पडतो, त्यामुळे माझे काम कोठे संपले ते जाणकाराला दिसेल. ते दिसले तरी माझी हरकत नाही. माझे टाके उसवून सगळे एकसारखे करावे, ही तिची सूचना मात्र मी मान्य केली नाही.

उरलेल्या कापडातून पॉलिएस्टरचे तुकडे काढून टाकले आहेत. त्यांतून सुई जड जाते आणि ते घामही शोषत नाहीत. सुती तुकडे धुऊन, रंगांप्रमाणे गठ्ठे बांधून ठेवले आहेत. रंग जाणारे लाल आणि गडद निळे तुकडे निराळ्या पिशवीत आहेत. ज्यांना ते हवे असतील, त्यांनी पांढऱ्या अस्तराला जोडण्याआधी ते पुन्हा एकदा वेगळे भिजवून पाहावेत.