पॉवर वीडर घेतला, पण गार्डसाठी भांडावं लागलं

डाळिंबाच्या ओळींमधलं तण काढायला यंदा सात एचपीचा, पेट्रोलवरचा पॉवर वीडर घेतला. महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवरचा अर्ज, निवड, पूर्वसंमती, सगळं सुरळीत पार पडलं. (पूर्वसंमती मिळायच्या आधी खरेदी मात्र करू नका, अनुदान हातचं जातं.) घोडं अडलं ते दुकानात, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं.

जोडून ठेवलेल्या मशीनला पात्यांच्या मागचा पत्रा, म्हणजे गार्ड, नव्हताच. चालवणाऱ्याच्या नडग्या आणि फिरती पाती यांच्यामध्ये नुसती हवा! पुस्तिकेतल्या चित्रात तो पत्रा चांगला ठळक दिसत होता. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, त्यात माती अडकती. समदे काढूनच चालवत्यात." मग काढलेला कुठं आहे, तो द्या, म्हटलं. त्यावर आधी "कंपनीकडनं येईल", मग "पुढच्या गाडीत येईल", आणि नंतर तर फोनच उचलेना. इकडे बिल पोर्टलवर चढवायची मुदत जवळ येत चाललेली. ते त्यालाही ठाऊक होतं, म्हणूनच तो निवांत होता.

आमचं रान सांगोल्याकडचं, मुरमाड. पात्यात खडा सापडला की गोफणीतून सुटल्यासारखा मागे येतो. शिवाय रिव्हर्स टाकल्यावर मशीन थेट आपल्याच अंगावर येतं. मागे झाड किंवा बांध असेल आणि त्यात पाय घसरला, तर पाती पायावर. हे सगळं माहीत असताना एक पत्रा द्यायला माणूस इतकी टाळाटाळ करतो, याचाच संताप येत होता.

शेवटी दुकानात जाऊन सांगितलं: उरलेले पैसे गार्ड बसल्यावरच, आणि मशीन मिळाल्याच्या कागदावर सहीही तेव्हाच. पुस्तिकेतलं चित्र दाखवून, कोणता भाग मिळाला नाही ते त्याच्याकडून लिहून मागितलं. लिहून द्यायची वेळ आली आणि गार्ड निघाला, त्याच्याच गोदामातून! तेव्हा सगळ्यांना सांगणं एकच, पूर्ण पैसे आधी देऊ नका.

गार्ड बसवायला आलेल्या पोराने जाता जाता क्लचची मूठ सुतळीने आवळून बांधली. "हात भरून येत न्हाई," म्हणाला. मी ती त्याच्यासमोरच कापली. मूठ सोडली की पाती थांबतात, तोल गेला तर तेवढाच आधार असतो. ती बांधली की माणूस पडला तरी मशीन फिरतच राहतं. तुमच्याकडे कुणी बांधली असेल तर आजच सोडा.

चालवताना पायात बूट हवेतच, चप्पल चालणार नाही. आमचे वडील धोतर नेसतात, त्यांना हँडल देतच नाही. लुंगी, पदर, गळ्यातला गमछा, सगळं बाजूला ठेवायचं. पोरं आणि कुत्री रानाबाहेर. ठिबकच्या नळ्या आधी उचलून झाडाच्या बुंध्याशी घ्या. पात्यात गुंतली तर नळी जाते आणि मशीनला हिसका बसतो. वाफसा असतानाच, म्हणजे रान चिखलही नाही आणि कडकही नाही अशा वेळीच चालवा. कडक रानात मशीन उड्या मारत पुढे पळतं, तेव्हा पहिल्याच फेरीत खोल घालू नका. रिव्हर्स टाकण्याआधी रेस पूर्ण कमी करायची आणि मागे बघायचं.

हरळी पात्यांना गुंडाळली की लोक इंजिन चालू ठेवून काठीने ढोसतात. तसं अजिबात करू नका. इंजिन बंद करा, पाती थांबू द्या, प्लगची टोपी काढा आणि मगच हात घाला, तोही कोयत्याने कापत. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावर. शेडचं दार लावून आत इंजिन चालू ठेवू नका, धुराने गुदमरून जीव जातो.

आणि हो, नवीन मशीनमध्ये बहुतेक वेळा ऑइल भरलेलं नसतं. पहिली दोरी ओढण्याआधी मशीन सपाट जागेवर ठेवून ऑइलची पातळी दाखवणारी काडी दुकानदारासमोरच तपासा.