महारोहिणी क्रमांक ६१

"मॅडम, अटॅकच ना? तसंच लिहू?" हवालदारांनी मोर्चरीच्या दारातूनच विचारलं. पंचनाम्याचे कागद त्यांच्या हातात होते आणि बाहेर नातेवाईक टेम्पो घेऊन थांबले होते.

खरं तर हे सांगायचा अधिकार माझा नव्हता. मी एमडी पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मोर्चरीत थीसिससाठी जायचे. विषय होता महारोहिणीतलं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीतलं रोहिणीकाठिण्य, अथेरोस्क्लेरोसिस. यात रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचून ती कडक होते. शंभर महारोहिण्या गोळा करायच्या होत्या. शवविच्छेदन फोरेन्सिकचे सर करत. नातेवाइकांची लेखी संमती असली की छातीतल्या कमानीपासून बेंबीच्या पातळीला जिथे तिच्या दोन फांद्या होतात तिथपर्यंतची अख्खी महारोहिणी मी ताब्यात घ्यायची. नळाखाली धुवायची, मागच्या बाजूने उभी चिरायची, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून बसवायची आणि फॉर्मेलिनमध्ये ठेवायची. नंतर सुदान फोर हा रंग. चरबी साचलेल्या जागी तो लालभडक चढतो. मग पारदर्शक कागदावर चौकोन आखून मोजत बसायचं, किती भाग लाल, किती भाग दगडासारखा.

पहिल्या साठांनी मला बरंच शिकवलं होतं. अपघातात गेलेल्या विशीतल्या पोरांच्या महारोहिणीतही पिवळट रेघा दिसायच्या. पुस्तकात हे वाचलेलं होतं. १९५३ साली अमेरिकी डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० सैनिकांची हृदयं तपासली, सरासरी वय २२, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयरोहिण्यांत, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत, हा आजार कमीजास्त प्रमाणात सापडला. तरी आपल्या हाताने एकोणीस वर्षांच्या मुलाच्या महारोहिणीवर ती रेघ लाल होताना पाहणं वेगळंच. या आजाराला अथेरोस्क्लेरोसिस हे नाव जर्मन डॉक्टर फेलिक्स मार्चंड यांनी १९०४ मध्ये दिलं, त्यातल्या पहिल्या ग्रीक शब्दाचा अर्थ पेज. एका पिकलेल्या गाठीला पहिल्यांदा सुरी लावली आणि आतून दाट पिवळी पेज बाहेर आली, तेव्हा ते नाव मला खऱ्या अर्थाने कळलं.

एकसष्टावे गृहस्थ सहासष्ट वर्षांचे. गुऱ्हाळावर गुळव्या. पहाटे काहिलीजवळ उभ्या उभ्या कोसळले, आमच्याकडे आणेपर्यंत सगळं संपलं होतं. बोटं बिडीने पिवळी पडलेली. छाती उघडली, हृदय पाहिलं. हृदयरोहिण्या थोड्या अरुंद झाल्या होत्या, पण त्या वयाला जीव जाण्यासारखं काही नव्हतं.

मग पोट. पोटाच्या पोकळीत रक्त फारसं नव्हतं, पण आतडी पुढे ढकलल्यासारखी दिसत होती. सरांनी ती उजवीकडे सारली आणि आम्ही सगळेच गप्प झालो. पाठीच्या कण्याला लागून, डाव्या अंगाला, काळ्याजांभळ्या गोठलेल्या रक्ताचा डोंगर होता. डावं मूत्रपिंड त्यात बुडून गेलं होतं. आमचे मोर्चरीतले मामा, ज्यांनी हजारो मृतदेह पाहिले होते, ते वाटीने गुठळ्या काढून मोजपात्रात टाकत राहिले. दीड लिटरच्या पुढे भरलं. खाली महारोहिणीचा फुगा होता, साडेसात सेंटिमीटर रुंदीचा. मागच्या डाव्या भिंतीला माझं बोट जाईल एवढं भोक.

मूत्रपिंडांच्या खालची महारोहिणी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या वर गेली की अॅन्युरिझम म्हणायचं. मी तो फुगा उभा चिरला. आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक जुन्या रक्ताचे थर होते आणि त्यांच्या मधोमध रक्ताला जायला जवळजवळ नेहमीएवढीच वाट उरली होती. पायांना रक्त पोचत होतं. चालताना कधी पोटऱ्या भरून आल्या नसतील. दुखणं कळावं असं काही त्या माणसाला वर्षानुवर्षं जाणवलंच नसणार.

हवालदारांना सरांनी सांगितलं, "अटॅक नाही. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली." त्यांनी ते दोनदा विचारून लिहून घेतलं. मला त्या क्षणी वाटलं, शवविच्छेदन झालं नसतं तर हा मृत्यू गावात अटॅक म्हणूनच सांगितला गेला असता. असे किती गेले असतील?

संमतीपत्रावर सही थोरल्या भावाची होती. मी त्यांना झाडाखाली जाऊन सांगितलं. ते ऐकत होते, खांद्यावरच्या टॉवेलची घडी घालत, मोडत.

"तीन दिस कंबर धरली हुती त्येची. डाव्या अंगाला, खाली जांघंपतोर. मुतखडा असंल म्हनून दवाखान्यात सुई दिली. वाईच बरं वाटलं, मग लागला की कामाला."

पाठीच्या बाजूला फुटलेल्या फुग्याचं असंच होतं. आजूबाजूच्या ऊतींचा दाब रक्ताला काही काळ थोपवून धरतो, कधी तास, कधी दिवस. तेवढा वेळ माणूस कंबरदुखी घेऊन फिरतो. सुई देणाऱ्याला मी दोष देणार नाही. डाव्या कुशीत कळ आली की मुतखडा आठवतोच. पण साठी ओलांडलेला, बिडी ओढणारा माणूस पहिल्यांदाच अशी कळ घेऊन आला, तर मुतखडा लिहिण्याआधी त्याच्या पोटावर हात ठेवून पाहायलाच हवं.

"बाई, आधी समजलं असतं का ह्ये?"

"हो काका. पोटाच्या सोनोग्राफीत दिसलं असतं."

"किती पैसं लागत्यात त्येला?"

मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात नाममात्र. त्यांनी मान हलवली आणि टेम्पोकडे गेले. तो प्रश्न आजही माझ्या कानात आहे.

संध्याकाळी गाईड मॅडमना बोर्डवर ताणलेली महारोहिणी दाखवली. मला वाटत होतं, थीसिसला उत्तम केस मिळाली. त्यांनी आधी विचारलं, "मधुमेह होता?" नव्हता. "तोच तर पेच आहे," त्या म्हणाल्या. मधुमेहात रोहिणीकाठिण्य वाढतं, पण पोटातला हा फुगा मधुमेह असलेल्यांत उलट कमी आढळतो. आमच्या जुन्या पुस्तकांत या फुग्याला सरळ अथेरोस्क्लेरोसिसचाच म्हणायचे. आता तसं मानत नाहीत. तंबाखू, वय, पुरुष असणं ही कारणं दोन्हींना सामाईक आहेत, पण एकात भिंतीच्या आतल्या अस्तराखाली पेज साचते आणि दुसऱ्यात भिंतीचा मधला पदरच विरून जातो.

ते विरणं मी पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. लवचीक तंतूंना काळा रंग देणारं एक रंजन आहे. निरोगी महारोहिणीत हे तंतू साडीच्या निऱ्यांसारख्या एकाशेजारी एक काळ्या लाटांत दिसतात. क्रमांक ६१ च्या स्लाइडमध्ये लाटा नव्हत्याच, इकडेतिकडे तुटलेले काळे धागे आणि दाह करणाऱ्या पेशींचे थवे. हे तंतू शरीर लहानपणीच विणून ठेवतं, मोठेपणी नव्याने फारसे विणत नाही. आणि भिंत जितकी फुगेल तितका त्याच रक्तदाबाचा तिच्यावरचा ताण वाढत जातो.

मग मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला. "भाऊ आहेत का त्यांना?"

मी म्हटलं, आहेत, सही त्यांचीच आहे.

"त्यांची सोनोग्राफी सांगितलीस?"

नव्हती सांगितली. सख्ख्या भावाबहिणींना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. झाडाखाली त्याच भावासमोर दहा मिनिटं उभी होते आणि मला ते सुचलं नाही. त्या माणसाच्या बोटांवरही बिडीचा पिवळेपणा होता, तो मी पाहिला होता.

संमतीपत्रावर फोन नंबर होता. तेरावं होईपर्यंत थांबले आणि फोन केला. ते आले, मुलाला बरोबर घेऊन, सकाळपासून उपाशी. रेडिओलॉजीतल्या माझ्या मैत्रिणीने पोटावर जेल लावून प्रोब फिरवला. चार-पाच मिनिटांचं काम. पडद्यावर काळा गोल दिसला आणि तिने दोन टोकांना खुणा लावल्या. ४.२ सेंटिमीटर.

ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७,८०० पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना सोनोग्राफीला बोलावलं गेलं त्यांच्यात या आजाराने होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्के कमी होते. इंग्लंडमध्ये आता पुरुष पासष्टाव्या वर्षात आला की त्याला बोलावणं जातं. आपल्याकडे तसा कार्यक्रम नाही. औषधाच्या बाजूनेही अजून हात रिकामेच आहेत. उंदरांत डॉक्सिसायक्लिनने फुगा रोखला जात होता, माणसांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीत मात्र २०२० साली काहीच फरक दिसला नाही. म्हणून मोजत राहायचं, बिडी सोडवायची, रक्तदाब सांभाळायचा, आणि पुरुषांत साडेपाच सेंटिमीटरला पोचला की शस्त्रक्रियेचं बोलायचं.

थीसिसच्या तक्त्यात या काकांना जागा नव्हती, तो तक्ता मृतांचा होता. मी त्यात 'नात्यात कुणाला' असा एक रकाना वाढवला आणि उरलेल्या एकोणचाळीस घरांना संमती घेतानाच तो प्रश्न विचारला. ज्यांच्या महारोहिणीत फुगा निघाला, त्यांच्या भावांना सोनोग्राफी सांगितल्याशिवाय घरी जाऊ दिलं नाही.

काकांचे आकडे माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर आहेत. ४.२, ४.४, ४.४, ४.६. बिडी सोडली म्हणतात. गेल्या वेळी शर्टाला वास होता, मी बोलले, ते ओशाळले. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. गुऱ्हाळं तेव्हा सुरू होतात, म्हणून मी त्यांच्या मुलाला आधीच फोन करून ठेवलाय.