तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पत्रावर मी सही का करत नाही

लिफ्टमध्ये विचारता, भाजीवाल्यापाशी विचारता, ग्रुपवर तर रोजच कोणी ना कोणी, आणि परवा आमच्याच मजल्यावरच्या काकांनी मुद्दाम बेल वाजवून विचारलं, की अहो तो स्पीडब्रेकर बरोब्बर तुमच्या बेडरूमखाली, झोप सगळ्यात जास्त तुमचीच मोडते, आवाजाच्या तक्रारी करण्यातही तुम्हीच पुढे, मग तो काढून टाका म्हणून सोसायटीचं पत्र वॉर्ड ऑफिसला द्यायचंय तर सेक्रेटरी म्हणून तुम्ही त्याच्यावर सही का करत नाही? तुम्हाला नक्की हवंय तरी काय?

सांगते. एकदा नीट सांगते, मग लिफ्टमध्ये तरी मला सोडा.

आधी एक गोष्ट. मी बहिरी नाही. रात्री अकरानंतर माझ्या खिडकीखाली काय चालतं ते मला पाठ आहे. रिक्षा येते, ब्रेक, गियर खाली, मागचं चाक धप्प, मग परत रेस देऊन निघते. रिकामा टेम्पो असला तर त्याचा फाळका आपटतो आणि आत जे काय सुटं असेल ते सगळं खणखणतं. बुलेटवाला असला तर विचारूच नका, तो स्पीडब्रेकरपाशी हळू होतो म्हणजे जणू आपल्यावर उपकार करतो आणि त्याची वसुली पुढच्या दहा फुटांत करून घेतो. डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा आतला भाग, काढलेला सायलेन्सर, त्यात चालत्या गाडीचं किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बंद-चालू करून काढलेले ते फटाके. एका बाजूला उघडा समुद्र आणि एका बाजूला टॉवरची भिंत, त्यामुळे आवाज जातो एकीकडे आणि परत येतो दुसरीकडून. हे सगळं मला माहितीये. तुमच्याआधी माहितीये.

आणि "बाहेरून पोरं येतात" हे जे तुम्ही म्हणता तेही अर्धंच खरं. येतात, मान्य. वांद्रे-वरळी सी लिंक 2009 साली उघडला तेव्हापासून त्याच्यावर दुचाकीला बंदी, 2024 मध्ये कोस्टल रोड सुरू झाला त्याच्यावरही बंदी, मग समुद्राच्या कडेने बाइक पळवायची हौस असलेल्यांनी जायचं कुठे, वरळी सीफेस, बँडस्टँड नाहीतर आपला कार्टर रोड. (ब्रीच कँडीवाले तिकडे कोस्टल रोडवरच्या मोटारींच्या आवाजाने हैराण आहेत, म्हणजे फक्त बाइक हाकलून प्रश्न सुटतो असंही नाही.) पण सगळी पोरं बाहेरची नसतात. त्याच्यावर येते.

कायद्याचं म्हणाल तर मी तो कोळून प्यायले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा 45. हे आकडे मी इतक्या अर्जांत लिहिलेत की माझी सही करताना पण हात 45 लिहायला जातो. मोबाइलवर अ‍ॅप घेऊन गॅलरीत उभी राहायचे, 80 च्या वर काटा गेला की स्क्रीनशॉट. मग एका सज्जन साहेबांनी मला शांतपणे समजावलं की मॅडम, ते 45 म्हणजे सरासरी, ठरावीक वेळेची सरासरी, तुमची बाइक आठ सेकंदांत निघून जाते, तिचा त्या सरासरीवर काय परिणाम होणार. आणि दुसरं म्हणजे 175 सीसीच्या वरच्या बाइकला कंपनीतून निघतानाच 80 डेसिबलपर्यंत मुभा आहे. म्हणजे सायलेन्सरला हात न लावलेली, पूर्ण कायदेशीर गाडी रात्री दोन वाजता माझ्या खिडकीखालून गेली तरी मी उठणारच. साहेब चुकीचं बोलत नव्हते, हाच त्रास होता. सायलेन्सर बदलला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत दंड आहे, विनाकारण हॉर्नला हजार, परत केलं तर दोन हजार, रस्त्यावर रेस लावली तर वेगळं कलम. सगळं आहे. फक्त पहाटे तीनला तिथे कोणीतरी उभं पाहिजे. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते व्हिडिओ मात्र मी आवडीने बघते, दोनदोनदा बघते, हे कबूल.

तर तेव्हाची मी. स्पीडब्रेकर बसवायचा विषय पहिल्यांदा निघाला त्या मीटिंगमध्ये विरोधात सगळ्यात जास्त कोण बोललं असेल तर मी. तुमच्यातले काही जण होते तिथे, तुम्हाला आठवत असेल आणि म्हणूनच तुम्ही आता मला टोमणे मारता. मी म्हटलं होतं, वेग कमी करायला आणखी आवाज विकत घेऊ नका, इथे माणसं झोपतात, प्रत्येक गाडी ब्रेक मारणार, प्रत्येक गाडी रेस देणार, आणि ज्याला पळवायचंय तो दोन स्पीडब्रेकरच्या मधे पळवेलच. टाळ्या पडल्या होत्या. आज ती बाई माझ्यासमोर आली तर मी तिला काय सांगू? ती म्हणाली होती ते सगळं तसंच्या तसं झालंय. शब्दाला शब्द. ती चुकली होती असं मी म्हणणार नाही.

पण मधे मावशींचं झालं.

मावशी म्हणजे डांड्याच्या कोळीवाड्यातल्या, आपल्या बिल्डिंगला मासे द्यायच्या त्या. पहाटे अंधारात घरून निघायच्या, नाक्यापर्यंत चालत, तिथून चारपाच जणी मिळून टेम्पोने भाऊच्या धक्क्याला, मासळीच्या बंदरावर, माल घेऊन परत. वर्षानुवर्षं. आपल्याला सात वाजता दारात पापलेट दिसायचं, त्याच्या आधीचे चार तास कोणाला दिसत नव्हते.

शनिवारची रात्र, म्हणजे रविवारची पहाट. मी जागीच होते, नेहमीसारखी. ऑटर्स क्लबच्या बाजूने एक बाइक आली, आवाजावरूनच कळलं की हा मघाशी दोनदा जाऊन आलेला तोच. एक फटाका, लगेच दुसरा. मग तिसरा जरा वेगळा, जाडसर, आणि त्याच्यामागे काहीतरी घसरत गेल्यासारखं. मी काय केलं? कूस बदलली. मनात दोन शिव्या दिल्या आणि उशी कानावर घेतली. इंजिन चालूच होतं, एकाच जागी, घोंघों करत, तेव्हा मला वाटलं थांबलाय कोणासाठी तरी आणि मुद्दाम रेस देतोय. समोरच्या बिल्डिंगमध्येही एक दिवा लागला नाही. नंतर मी विचारलंय, निदान तीन घरांत माणसं जागी होती. सगळ्यांना तो फटाकाच वाटला. वाटणारच, रोज रात्री तेच ऐकतोय आपण.

कुत्री थांबेनात तेव्हा वॉचमन उठला आणि त्याने इंटरकॉमवर मला उठवलं, कारण काही झालं की सेक्रेटरीला उठवायचं असं मीच त्याला सांगून ठेवलेलं.

खाली गेले तर रस्त्याच्या मधोमध टोपली, एक चप्पल, आणि मावशी फुटपाथच्या कडेला कुशीवर. पोरगा पलीकडे बसलेला, हेल्मेट डोक्यात, हाताला खरचटलेलं, "माझा फोन कुठे गेला, माझा फोन" एवढंच बोलत होता. बाइक आडवी पडलेली आणि तिचं इंजिन चालू. तो सायलेन्सर कानाशी. मी मावशींच्या तोंडाजवळ वाकले, त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी सांगत होत्या आणि मला एक शब्द ऐकू येईना. वॉचमन माझ्याशी ओरडून बोलतोय, मी त्याच्याशी ओरडून बोलतेय, आडव्या पडलेल्या गाडीला हात लावायचं कोणाला धाडस होईना, चावी कुठे असते तेही अंधारात कळेना. शेवटी तो पोरगाच लंगडत उठला आणि त्याने ती बंद केली. मग ऐकू आलं. "आय गो, पाय. माझा पाय. सुनेला बोलवा."

108 लावला. तेवढ्यात एक रिक्षावाला थांबला, पण खाली उतरेना, म्हणे मॅडम मागे पोलिसांचं लफडं होतं. मी त्याला म्हटलं काही होत नाही, मदत करणाऱ्याला अडकवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलंय आणि आता कायद्यातही आहे, तुझं नाव सांगायची पण सक्ती नाही. त्या वेळी सुप्रीम कोर्ट! तो माझ्याकडे बघतच राहिला, पण उतरला. नंतर अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि त्यातूनच नेलं, रिक्षात वाकवून घातलं नाही ते बरंच झालं, खुबा मोडला होता.

मावशी वाचल्या. घरात वॉकर धरून चालतात. धक्क्याला जाणं संपलं. टोपली आता सून आणते आणि तीही आता रिक्षाने नाक्यापर्यंत जाते, म्हणजे रोजचा तेवढा खर्च माशांवर चढतो आणि तुम्ही तिच्याशी घासाघीस करता.

पोरगा? आपल्या मागच्या गल्लीतला. बाहेरचा नाही. त्याची आई आणि मी एकाच वेळी वॉकला जायचो. केस झाली, पुढे त्या दोन घरांत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही, तो माझा विषय नाही.

सून एकदा मासे साफ करता करता सहज बोलली, "ताई, तुमची खिडकी तर वरच ना?" काही टोचून नव्हती बोलत. मी म्हटलं, हो, पण आवाज नेहमीचाच वाटला गं. ती "हां" म्हणाली आणि सुरमईचे तुकडे मोजायला लागली. त्याच्यावर अजून मला बोलायला काही सुचलेलं नाही आणि मी फार प्रयत्नही करत नाही. मी झोपायला झोपते, पहारा द्यायला नाही.

त्यानंतर स्पीडब्रेकर आला. मी अर्ज केला हे खरं, पण माझ्या एका अर्जाने रस्ता बदलत नाही हे अर्ज करणाऱ्या कोणालाही कळतं. आणि आल्यापासून तिथे गाड्या हळू होतात. वेग अर्धा झाला तर धडकेचा जोर चौथा हिस्सा राहतो, हे शाळेतलं फिजिक्स आहे. मावशींसारखी कोणी परत मधे आली तर खरचटण्यावर निभावेल, निदान निभावू शकेल. माझी झोप एका पारड्यात आणि खुबा दुसऱ्या, असं मांडलं की उत्तर सोपं वाटतं, आणि मीटिंगमध्ये मी तसंच मांडते, आवाज चढवून.

पण मग तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी, तिचं बाळ अजून बसायलाही लागलेलं नाही. ती भांडायला आली नव्हती. म्हणाली, काकू, टेम्पो आपटला की हा दचकून उठतो आणि मग तासभर नाही झोपत, रोज, मी पण नाही झोपत, मी दिवसा कामावर चक्कर येऊन पडेन, तेही अपघातच ना? मी तिला काय सांगणार. तिला खुब्याची गोष्ट सांगायला माझं तोंड उघडलं आणि मी ते मिटलं. जुनी मी असती तर तिच्या बाजूने टाळ्या घेऊन मोकळी झाली असती.

आता जरा कामाचं. आपल्या दारात आहे तो स्पीडब्रेकर नाहीच, डांबराचा ढीग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, गोलाईत चढणारा आणि गोलाईत उतरणारा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गाडी त्याच्यावरून जाते आणि आपटत नाही. वर रंगाचे पट्टे, आधी 40 मीटरवर बोर्ड. आपला? रस्ता नव्याने केला तेव्हा आधीचा गेला आणि हा आला, रुंदी माझ्या पावलांनी दोन, बोर्ड नाही, पट्टे पहिल्या पावसात धुऊन गेले. रात्री तो दिसतच नाही, म्हणून शेवटच्या क्षणी ब्रेक, म्हणून धप्प. तुम्ही म्हणता आवाज स्पीडब्रेकरचा आहे, मी म्हणते आवाज पाट्या टाकलेल्या कामाचा आहे. बुलेटचा त्याने कमी होणार नाही, त्याला नाकाबंदीच पाहिजे, शनिवारी रात्री, दर शनिवारी, एखाद्या बातमीनंतरची आठवडाभराची नव्हे. मापातला बांधला तर टेम्पो गप्प बसेल का? बराचसा. पूर्ण? मी लिहून देणार नाही. काकांना तर मी तेवढंही पटवू शकले नाही, ते म्हणाले तुम्ही आधीही अशाच खात्रीने उलटं बोलत होतात. बोलत होते. काकांची स्मरणशक्ती चांगली आहे.

तुमच्या पत्रात "सदर गतिरोधक तात्काळ हटवावा" एवढी एकच ओळ आहे. त्याच्यावर मी सही करणार नाही. मी दुसरं पत्र टाइप करून ठेवलंय, त्यात हटवावा नाही, मापात बांधून द्यावा आणि बांधून होईपर्यंत आहे तो ठेवावा असं आहे, बोर्ड आणि पट्टे वेगळ्या ओळीत, आणि नाकाबंदीसाठी वाहतूक पोलिसांना वेगळी प्रत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने ते वाचलं, "तोवर काय करू?" म्हणाली आणि सही न करता ठेवून गेली. बाकी ज्यांना वाचायचंय त्यांनी या. जमल्यास रविवारी दुपारी, त्या वेळी मी झोपलेली असते, पण बेल वाजवा, सवय आहे.