तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी जुनी स्पायडर कशासाठी?

पेट्रोल पंपावर, पार्किंगमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, कुठेही भेटलेला माणूस माझ्या या जुन्या, उघड्या छपराच्या इटालियन गाडीबद्दल दोन चांगले शब्द बोलतो आणि तिसऱ्या वाक्याला विचारतोच, "पण एवढी कटकट करून ही ठेवलीत कशाला? आजची बरी हॅचबॅकसुद्धा हिच्या पुढे निघून जाईल." आता परवा परत एकांनी विचारलं आणि मी नेहमीसारखं "आवडते हो" म्हणून मोकळी झाले, पण घरी आल्यावर वाटलं की हे काही उत्तर नाही झालं. म्हणून आज नीट लिहून टाकते.

गाडी 1974 ची अल्फा रोमिओ स्पायडर व्हेलोचे, 1962 सीसीची. व्हेलोचे म्हणजे इटालियनमध्ये वेगवान. तेव्हा ती होतीच वेगवान, जवळपास 130 हॉर्सपॉवर आणि वजन साधारण एक टन, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आज ते आकडे कोणाला सांगितले तर समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो. बरोबरच आहे, आकड्यांत काही राहिलेलं नाही.

माझं उत्तर असं आहे की ही गाडी साठच्या स्पीडला मजा देते. ताशी साठ किलोमीटर. हे नीट सांगायला हवं, कारण मला स्वतःला ते कळायला वर्ष दीड वर्ष लागलं.

एका ओळखीच्यांची नवी, खूप ताकदीची स्पोर्ट्स कार मी चालवली आहे, दिवसभर. अप्रतिम मशीन, त्यात वाद नाही. पण साठला ती झोपलेली असते, शंभरला कूस बदलते, आणि ती खरी जागी होते तेव्हा तुम्ही अशा स्पीडला असता की साध्या रस्त्यावर तिथे जायचंच नसतं. टायर एवढे रुंद, पकड एवढी, की वळणावर तिला काही होतच नाही, आणि तिला काही होत नाही म्हणून मलाही काही जाणवत नाही. माझ्या स्पायडरचे टायर 165 मिलिमीटर रुंदीचे आहेत, म्हणजे आजच्या छोट्या गाडीलाही याहून रुंद असतात. पॉवर स्टिअरिंग नाही. त्यामुळे साठला एखादं उजवं वळण घेतलं की बाहेरच्या पुढच्या चाकावर वजन जाताना हातात कळतं, मग गाडी किंचित कलते, मागचा एक्सल बसतो, मग थोडं थोडं थ्रॉटल द्यायचं आणि ती आपणहून सरळ व्हायला लागते. सगळं एवढ्या आरामात होतं की प्रत्येक पायरी वेगळी कळते. पार्किंग करताना मात्र दोन्ही हातांनी चांगला जोर लावावा लागतो, ते आहेच.

आणि हे दुसऱ्या गिअरमध्ये. दुसऱ्या गिअरबद्दल बोललंच पाहिजे. या जुन्या अल्फांच्या गिअरबॉक्समध्ये पोर्शे पद्धतीचे सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना दोन्हींचा वेग जुळवून घेणाऱ्या कड्या, असतात आणि त्यातला दुसऱ्या गिअरचा सिंक्रो सगळ्यात आधी झिजतो, हे या गाड्या वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. गिअरबॉक्स गार असताना घाईने दुसरा टाकला की कर्रर्र आवाज येतो आणि तो आवाज दातात जातो. म्हणून सकाळी पहिली काही किलोमीटर एकतर पहिल्यातून थेट तिसऱ्यात जायचं, किंवा न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबायचं, आणि मग बोटांनी, मुठीने नाही, दुसऱ्यात सोडायचा. लिव्हर जमिनीतून सरळ वर येत नाही, मधल्या कन्सोलमधून तिरका बाहेर येतो, स्टिअरिंगच्या अगदी जवळ, हात खाली न्यावाच लागत नाही. त्या क्षणभर थांबण्यात माझा सगळा दिवस बदलतो हे मी अगदी मनापासून सांगते. ऑफिसमधनं डोक्यात गोंगाट घेऊन आले की पहिल्याच दुसऱ्या गिअरला कळतं की आज हात धसमुसळा आहे, मग आपसूक श्वास खाली येतो.

इंजिनाबद्दल किती लिहू. हे ट्विन कॅमचं जे घराणं आहे ते अॅल्युमिनियमच्या ब्लॉकसकट 1954 च्या अल्फाच्याच जुलिएता स्प्रिंटमध्ये आलं, तेव्हा 1300 सीसीच्या आतलं होतं, आणि तेच वाढत वाढत दोन लिटरपर्यंत पोचलं. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, चेनवर चालणारे, आत सिलिंडरच्या लोखंडी नळ्या, म्हणजे लायनर, ज्यांच्या बाहेरून पाणी फिरतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आत उष्णता वाहून न्यायला सोडियम भरलेलं. ज्या काळात असलं इंजिन रेसिंगच्या आणि फार महागड्या गाड्यांमध्ये असायचं त्या काळात अल्फाने ते मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत बसवलं, आणि मला इटालियन लोकांची ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, की चार दारांच्या फॅमिली गाडीतल्या माणसालासुद्धा ते इंजिन मिळालं. अल्फाच्या जुलिया सेडानमध्ये हेच घराणं होतं, मुलांना शाळेत सोडायला जाणाऱ्या गाडीत.

आवाज कसा सांगायचा. तीन हजार आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) खाली घसा खाकरल्यासारखा, थोडा कोरडा, आणि तिथून वर गेलं की सगळे सूर एकत्र जुळतात. तो आवाज मागच्या पाइपपेक्षा जास्त पुढून येतो, कार्ब्युरेटर हवा ओढतात त्याचा. माझ्या गाडीत बोलोन्याच्या वेबर कंपनीचे दोन आडवे कार्ब्युरेटर आहेत, प्रत्येकाला दोन तोंडं, म्हणजे चार सिलिंडरना चार स्वतंत्र नाकपुड्या. चौघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. ते जुळवायला मोजायचं यंत्र मिळतं आणि माझ्याकडे आहेही, पण मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी हातात रबरी नळीचा तुकडा दिला होता, एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि म्हणाले, "ऐक आणि सांग कोण जास्त ओढतोय." पहिल्यांदा मला चारही सारखेच वाटले. दुसऱ्या दिवशी पण. साधारण महिन्याने एका संध्याकाळी अचानक तिसऱ्याची शीळ बाकीच्यांपेक्षा बारीक आहे हे ऐकू आलं, स्क्रू जेमतेम पाव आटा फिरवला, आणि इंजिनाची थरथर एकदम थांबली, बॉनेटवर ठेवलेला पाना खडखडायचा बंद झाला. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांमध्ये मी तो क्षण धरते.

सुरू करायची पण एक रीत आहे. चोक ओढायचा, पंप पेट्रोल चढवेपर्यंत स्टार्टर फिरू द्यायचा, पेटलं की रेस करत बसायचं नाही, हळूहळू चोक आत. डॅशबोर्डच्या मध्यावर तीन छोटी घड्याळं ड्रायव्हरकडे तिरकी करून बसवलेली आहेत, पेट्रोल, पाण्याचं तापमान आणि तेलाचं प्रेशर, आणि त्यांच्यावर नावं इटालियनमध्ये, बेंझिना, आक्वा, ओलिओ. पाण्याचा काटा लवकर जागेवर येतो आणि नवीन माणूस तिथेच फसतो, कारण सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, भरपूर तेल असतं आणि ते तापायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतं. तोपर्यंत तीन हजारच्या वर जायचं नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी कोणासाठीही मोडत नाही.

आता त्रासाचंही खरं खरं सांगते, कारण विचारणारे त्याबद्दलच विचारत असतात.

मी घेतली तेव्हा गाडी लाल, चकचकीत, नवीन रंग दिलेली. विकणाऱ्याने सांगितलं बॉडी एकदम सॉलिड. मी इंजिन ऐकलं आणि बाकी काही पाहिलं नाही. घरी आणून पहिल्यांदा एका बाजूने जॅकवर उचलली आणि दार उघडलं तर परत लागेना. वर छप्पर नाही म्हटल्यावर या गाडीत सगळा भार दारांखालच्या सिल्सवर, म्हणजे पत्र्याच्या लांब पोकळ पट्ट्यांवर, आणि फ्लोअरवर असतो, ते आतून सडलेले असले की उचलल्याबरोबर गाडी मधून वाकते आणि दाराची फट बदलते. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, लांबीखाली जाळी, जाळीखाली काही नाही. त्या रात्री मी रडले. पुढचे चौदा महिने गाडी उभी होती, दोन्ही सिल्स आतल्या-बाहेरच्या पत्र्यांसकट कापून नवीन घातले, मागच्या चाकांच्या कमानी, ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर. वेल्डिंग करताना दारांमध्ये ब्रेसिंग, म्हणजे आधाराच्या सळया, घालून ठेवावं लागतं नाहीतर बॉडी कायमची वाकडी होते. तुम्ही कोणी अशी गाडी बघायला जाणार असाल तर एवढं एकच ऐका, इंजिन नंतर ऐका, आधी जॅकवर घ्या आणि दार उघडझाप करून बघा. इंजिन पूर्ण उघडून परत बांधता येतं. सडलेल्या पत्र्याचा खर्च मात्र कुठे थांबेल ते कोणीच सांगू शकत नाही.

तरी पण ती बांधता आली, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. या गाडीत मला न उघडता येणारी एकही गोष्ट नाही. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, बदलायचा तर कॅमशाफ्ट काढून आतली छोटी गोल चकती, शिम, बदलायची, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरक, मायक्रोमीटरने मोजायचा, वहीत लिहायचा. वेळ जातो, पण शेवटी नेमकं काय झिजलं होतं आणि किती, हे मला माहीत असतं. आणि स्पायडर 1966 पासून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली, सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास, त्यामुळे अजून पार्ट मिळतात.

आकाराबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ही गाडी मार्च 1966 मध्ये जिनिव्हाच्या शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, डिझाइन पिनिनफरिना या इटालियन गाडी-डिझाइन स्टुडिओचं, आणि त्याचे संस्थापक बत्तिस्ता पिनिनफरिना त्याच वर्षी 3 एप्रिलला गेले. त्यांच्या हयातीत लोकांसमोर आलेल्या अगदी शेवटच्या कामांपैकी ही एक. पहिल्या गाड्यांची शेपटी गोल निमुळती होती, इटलीत तिला लाडाने ओस्सो दि सेप्पिया म्हणतात, म्हणजे कटलफिशचं हाड. माझी नंतरची, मागून कापल्यासारखी शेपटी असलेली. जाणकार लोक गोलवालीला जास्त मान देतात. मला कापलेलीच आवडते, बाजूची ती खोल रेघ पुढून धावत येऊन मागे तुटते तिथे नजर थांबते.

आणि छप्पर. बसल्या जागेवरून, एका हाताने, सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागे टाकता येतं. हिवाळ्यात पण मी ते उघडं ठेवते, हीटर पायाशी, मफलर गळ्याशी. संध्याकाळी झाडांखालून जाताना हवा गार होते आणि पुलावर आलं की परत कोमट, ते सगळं चेहऱ्यावर कळतं, आणि मध्येच कुठेतरी गरम तेलाचा नि थोडा पेट्रोलचा वास. पेट्रोलचा वास नेहमीपेक्षा जास्त आला तर मात्र मी लगेच थांबते, बॉनेट उघडून नळ्या बघते, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं आणि कार्ब्युरेटरला लागूनच गरम इंजिन असतं. सगळ्या नळ्या मी बदलून घेतल्यात आणि फायर एक्स्टिंग्विशर सीटमागे कायम असतं.

विकणार का, हाही प्रश्न येतो. नाही.

सध्या ती दोन आठवडे उभी आहे. गिअर बदलताना खालून एक बारीक ठक असा आवाज यायला लागला होता, मला वाटलं मागचा एक्सल, पण झोपून बघितलं तर गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) मधला रबरी जॉइंट चिरलाय. त्याला जूबो म्हणतात, जुन्तो बोस्की, बोस्की नावाच्या इटालियन माणसाचा जॉइंट. नवा काल आला. त्याच्याभोवती धातूचा पट्टा आवळलेला असतो, तो बोल्ट बसेपर्यंत काढायचा नाही, नाहीतर भोकं जुळत नाहीत. रविवारी सकाळी बसवणार आहे. सहा बोल्ट, आणि मग तेल तापेपर्यंत तीन हजारच्या खाली.