लिफ्ट केलेल्या जिप्सीला शॉकअप कुठले घ्यायचे: टेप लावून झाली, पुढचे बसले

मंडळी, माझ्या मारुती जिप्सीचं काम पुढं सरकलंय. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) कमान वाढवून साधारण दोन इंच उंची, म्हणजे लिफ्ट, घेतली होती ते तुम्हाला माहितीये, शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर, गाडीची उसळी आवरणारे) मात्र जुनेच होते आणि आता ते संपलेत, पुढच्या डाव्याला तेल सुटलंय आणि खंबाटकी उतरताना एखाद्या जोडावरून गाडी गेली की नाक दोन-तीनदा खालीवर होत राहतं. मग शोधाशोध सुरू केली. कुठंही विचारलं की एकच उत्तर, दोन इंच लिफ्ट आहे ना, मग दोन इंच लांब शॉकअप घ्या. याच्याशीच माझं भांडण आहे आणि आजचं सगळं लिखाण त्यावरच.

नीट बघा. गाडी उंच झाली म्हणजे उभी असताना ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) यांच्यामधलं अंतर वाढलं. पण गाडी पूर्ण दबली की ॲक्सल जाऊन टेकतो तो त्याच बंप स्टॉपला (दणका झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला), जो कंपनीनं बसवलेला तिथंच आहे, आणि शॉकअपची वरची-खालची माउंटिंगही जिथल्या तिथंच आहेत. म्हणजे दबल्यावर शॉकअपला मिळणारी जागा लिफ्टच्या आधी जेवढी होती तेवढीच राहिली, वाढली ती फक्त लटकल्यावरची लांबी. आता 'दोन इंच लिफ्ट'वाला शॉकअप जर बंद लांबीलाही, म्हणजे पूर्ण दबलेल्या मापालाही, दोन इंच मोठा असेल तर बंप स्टॉपचं रबर टेकायच्या आधीच शॉकअपचा पिस्टन तळाला आपटणार, सगळा दणका त्या बिचाऱ्या पिस्टनवर आणि वरच्या माउंटवर. चॅसीवरून माउंट उपटून निघालेल्या गाड्या बघितल्यात मी. उलट बाजूनं शॉकअप उघडल्यावर आखूड पडला तर चाक लटकताना ॲक्सलचं सगळं वजन तोच झेलतो, मग बुश (टोकांच्या बोल्टभोवतीची रबरं) फाटतात आणि आतलं सील जातं. (बॉडी लिफ्टवाल्यांनी, म्हणजे चॅसीवरून फक्त बॉडी उंच केलेल्यांनी, इथं गोंधळू नये, चॅसी आणि ॲक्सलमध्ये काहीच बदललेलं नसतं त्यामुळं शॉकअप मूळ मापाचाच लागतो.)

म्हणून आधी माप. पुढून चॅसी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, दोन्ही शॉकअप काढले, ॲक्सल सावकाश लटकू दिला आणि वरच्या बोल्टच्या सेंटरपासून खालच्या बोल्टच्या सेंटरपर्यंत टेप लावली. हे करताना नजर ब्रेक होजवर (ब्रेक तेलाच्या रबरी नळीवर) ठेवा, कारण लिफ्टनंतर बऱ्याचदा सगळ्यात आधी ताणली जाते ती होज, आणि होज ताणली तर लांब शॉकअपचा विचार तिथंच थांबवून आधी लांब होज बघायची. दबलेलं माप काढायला मी नुसता जॅक लावणार होतो, तर मिस्त्री म्हणाले, "दादा, पाटं काढल्याबिगर ॲक्सल बंप स्टॉपला टेकायचा न्हाई, गाडीच वर उचलंल." बरोबरच होतं. मुख्य पाटा तेवढा ठेवून बाकीचे काढले, मग जॅकनं ॲक्सल आरामात वर गेला. एक चाक वर आणि एक खाली असंही करून बघितलं, कारण जिप्सीला पुढं-मागं दोन्हीकडं सलग ॲक्सल आहे आणि तो तिरका झाला की बंप स्टॉपवर टेकून फिरतो, तेव्हा सरळ दाबलेल्या मापापेक्षा फरक पडतो.

माझे आकडे इथं देत नाही, प्रत्येकाचे पाटे वेगळे बसलेले असतात आणि कुणीतरी तेच बघून ऑर्डर टाकेल. गोल आकड्यात हिशोब सांगतो. समजा गाडी उभी असताना सेंटर ते सेंटर ४०० मिमी आहे, ॲक्सल आणि बंप स्टॉपमध्ये ८० मिमी, आणि रबर अजून २० मिमी दबतं. म्हणजे ३०० उरले, १० सुरक्षेला सोडले तर शॉकअपची बंद लांबी २९० पेक्षा जास्त नको. लटकल्यावर समजा ४७०, त्यात १० धरून उघडी लांबी निदान ४८० हवी. म्हणजे स्ट्रोक, उघड्या आणि बंद लांबीतला फरक, १९० लागला. आता गंमत इथं आहे, शॉकअपच्या बंद लांबीत स्ट्रोकशिवाय टोकांचे डोळे (बोल्टची भोकं), सील, पिस्टन, तळाचा व्हॉल्व्ह यांची जागा असते, ती १२५ धरा. २९० मधून १२५ गेले, स्ट्रोक उरला १६५, उघडी लांबी झाली ४५५. पाहिजे होती ४८०. म्हणजे दोन्ही टोकं एका शॉकअपमध्ये मावतच नाहीत! इथं लोक कॅटलॉग बंद करून दुकानदार देईल ते घेतात. पण बंप स्टॉपखाली १५ मिमीचं पॅकिंग टाकलं की बंद लांबी ३०५ चालते, स्ट्रोक १८०, उघडी ४८५, काम झालं. लिफ्टमुळं वर जागा वाढलेलीच असते, त्यातले १५ मिमी दिले तर कळतही नाही. दुसरा रस्ता म्हणजे वरचं माउंट उंच करणं, पण ते वेल्डिंगचं काम आहे.

शॉकअप तिरका बसतो का तेही बघा. उभ्यापासून ४५ अंश तिरका असेल तर चाकाला मिळणारं डँपिंग (उसळी आवरण्याची ताकद) निम्मंच उरतं, २० अंशाला अजून अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास मिळतं. जागा नाही म्हणून माउंट आत ढकलून शॉकअप आडवा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग प्रकार कुठला. मोनोट्यूबचं (एकाच नळीच्या शॉकअपचं) नाव सगळे घेतात, बिलस्टाइन वगैरे कंपन्यांचे, आणि ते भारी आहेतच, तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्यामुळं लवकर थंड होतं आणि गॅस वेगळा असल्यामुळं तेलाला फेस येत नाही. पण त्यात बाहेरच्या नळीतच पिस्टन फिरतो, दगडानं तिला पोचा आला की पिस्टन अडकला. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर (पठारावर) जांभ्याचे दगड कसे उडतात ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय जिप्सी जेमतेम टनभर वजनाची, जास्त प्रेशरच्या गॅसवर ती खड्ड्यावरून उड्या मारते. फोम सेल, म्हणजे टफ डॉग बनवतात तसे, गॅसऐवजी बारीक बंद छिद्रांचा फोम असलेले, दणकट वाटले पण माझ्या लांबीत मिळाले नाहीत. शेवटी कमी प्रेशरचा गॅस असलेले ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) घेतले, बाहेरच्या नळीला थोडा पोचा आला तरी आतली चालत राहते.

व्हॉल्व्हिंगचं, म्हणजे शॉकअप किती कडक ते ठरवणाऱ्या आतल्या व्हॉल्व्हचं, एक कुणी बोलत नाही. पाट्याच्या गाडीत पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घासणंच थोडं डँपिंग करतं. म्हणून कॉइल स्प्रिंगवाल्या जड गाडीसाठी बनवलेला शॉकअप लांबी जुळली तरी जिप्सीला कडक पडतो. आणि बंपर दाबून गाडी किती हलते बघायची जी पद्धत आहे ना, ती पाट्याच्या गाडीत फसवी, शॉकअप मेलेला असला तरी पाटेच गाडी थांबवतात. दुकानदाराला विचारा की हा शॉकअप किती वजनाच्या गाडीसाठी आहे, उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान.

बसवताना: ट्विन ट्यूब खोक्यात आडवा पडून असतो, आतल्या नळीत हवा शिरते, म्हणून उभा धरून पूर्ण उघडझाक करा, सुरुवातीला मध्येच पोकळ जातो आणि मग सगळीकडं एकसारखा जड लागायला लागतो, तो लागेपर्यंत करत राहा. रॉडला पक्कड लावू द्यायची नाही, क्रोमवर एक ओरखडा पडला की सील गेलं समजा. आणि बुशचे बोल्ट गाडी घोड्यावर असताना हातानंच लावा, चाकं जमिनीवर आल्यावर कसा, नाहीतर बुश कायमचं पिळलेलं राहतं.

पुढचे दोन बसले. शॉकअप कुठवर दबतो ते कळावं म्हणून रॉडला एक केबल टाय गुंडाळला, सज्जनगड फाट्यावरून ठोसेघर आणि पुढं चाळकेवाडीपर्यंत गेलो. परत येऊन बघितलं तर टाय शॉकअपच्या टोकाच्या बोटभर अलीकडं थांबलेला आणि बंप स्टॉपच्या रबरावर टेकल्याची ताजी खूण, म्हणजे आधी रबर टेकतंय आणि शॉकअपला जागा शिल्लक आहे, पाहिजे तसंच. खडबडीत पट्टा संपल्यावर लगेच शॉकअपला हात लावला, दोन्ही सारखे कोमट. एक गार लागला असता तर तो काम करत नाही असं समजायचं. नाकाचं हलणं थांबलंय, एकदा खाली जातं आणि बसतं. (टेस्ट कच्च्या रस्त्यावरच करा. कासच्या सड्यावर गाडी घालायचा विचारही नको, ती फुलं त्या वीतभर मातीवर जगतात आणि एका चाकोरीनं ती माती जाते.)

आता मागचे. तिथं डबे, अवजारं आणि स्टेपनीचं वजन आहे, त्यामुळं रिबाउंड (उघडतानाचा अडसर) थोडा जास्त असलेला मागवलाय आणि बंप स्टॉपचं पॅकिंग लेथवाल्याकडं टाकलंय. कुणी मागचं वरचं माउंट उंच करून घेतलं असेल तर फोटो आणि मापं टाका, चॅसीला वेल्ड मारायच्या आधी मला बघायचंय.